अवकरिका कुठे गेली?

तू मोबाईल खाली ठेव आणि नुसतं ऐक. मध्ये बोलायचं नाही. शेवटी तुलाच एक प्रश्न विचारायचाय, तेव्हा काय ते बोल.

आपल्या तिठ्यावर सुशांत खोबरेकरचं झेरॉक्सचं दुकान आहे ना, ते. पण त्याच्या तोंडावर त्याला दुकान म्हणायचं नाही. ते कार्यालय आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबाऱ्याचा उतारा ही सगळी वरवरची सोंगं, गुन्हेगारांची दिशाभूल करायला. त्याच्या कार्डावर त्याने स्वतःच छापलंय, ‘सुशांत खोबरेकर, रहस्यभेदक. खारेपाटणपासून बांद्यापर्यंत ज्याच्या नजरेतून मुंगी सुटत नाही असा एकमेव.’ आणि खाली बारीक अक्षरात, ‘आधार कार्डावरचा पत्ता बदलून मिळेल.’

मुंगीचं खरंच होतं म्हणा. मागच्या वर्षी भाई मयेकरांची बकरी हरवली तेव्हा हा तीन दिवस मुंग्यांच्या रांगेमागून फिरत होता. बकरी चौथ्या दिवशी आपल्या पायांनी घरी आली. सुशांतने फाईलवर लिहिलं, ‘दबावतंत्र यशस्वी.’

हे सगळं जेरीला तोंडपाठ होतं. जेरी म्हणजे डॉमिंगो फर्नांडिसचा मुलगा, सुशांतचा असिस्टंट. कामाला ठेवताना फक्त झेरॉक्स मशीन सांभाळायचं ठरलं होतं. आठवडाभरात त्यात भिंग धरणे, पायाचे ठसे मोजणे आणि सुशांतने काही जाहीर केलं की ‘कसं ओळखलं तुम्ही?’ असं विचारणे एवढी भर पडली. यातलं शेवटचं सगळ्यात जड, कारण बहुतेक वेळा त्याने काही ओळखलेलंच नसायचं.

तर मार्चातला सोमवार. उकाडा असा की झेरॉक्सचा कागद हाताला चिकटतोय. आणि दारात समीक्षा टीचर. हायस्कूलला संस्कृत शिकवतात त्या, मूळच्या खारेपाटणच्या.

सुशांतने खुर्ची फिरवली. “बसा. बोलू नका. तुम्ही डावखुऱ्या आहात, सकाळी घावणे खाल्लेत आणि तुमचं मांजर हरवलंय.”

“मी उजव्या हाताने लिहिते, आज माझा सोमवार आहे आणि माझ्याकडे मांजर नाही,” समीक्षा म्हणाली.

“नाही ना? म्हणजे हरवलंच.”

“कसं ओळखलं तुम्ही?” जेरीने विचारलं.

समीक्षाने दोघांकडे एकदा बघितलं, मग दाराकडे बघितलं. पण पोलीस स्टेशनात जाऊन हे सांगण्यापेक्षा इथेच बरं, असा काहीतरी विचार करून ती बसली असावी.

प्रकरण असं होतं. आठवीला संस्कृत घेणारी मुलं झाली होती नऊ. संस्थेचे अध्यक्ष दाजी राणे. काजूचा कारखाना, हापूसच्या बागा, शब्दाला वजन. त्यांनी भर सभेत विचारलं, “संस्कृत शिकान पोरां काय करतली? कोणाच्या घरात लागता तां?” येत्या शनिवारी बैठक. संस्कृत बंद करायचा ठराव लिहून तयार, फक्त सही राहिलेली. आणि समीक्षा तासिका तत्त्वावर. विषय गेला की तासिका गेली, तासिका गेली की सामान बांधून खारेपाटणला, मामाच्या कापडदुकानात लोकांना ब्लाउजपीस दाखवायला.

तिने दाजींकडून एकच गोष्ट मागून घेतली होती. सही करायच्या आधी एकदा शाळेतून फेरी मारा. आणि त्या फेरीसाठी तिने चौसष्ट पाट्या बनवल्या. शाळेतल्या प्रत्येक वस्तूवर तिचं संस्कृत नाव, स्वतःच्या सुंदर अक्षरात. पिवळाधमक कार्डपेपर आणि लाल शाई, मागच्या बाकावरूनही वाचता यावं म्हणून. संस्कृत म्हणजे फक्त पूजेची भाषा नाही, तिच्यात पंखा आहे, बादली आहे, फळा पुसायचं डस्टर आहे, हे तिला दाखवायचं होतं. पोरं आधी हसली. दुसऱ्या आठवड्यात मात्र आठवीतला एकजण दुसऱ्याला म्हणाला, “रे, तां व्यजन लाव मरे, उकाडता.” व्यजन म्हणजे पंखा. समीक्षाला त्या दिवशी जेवण गेलं नाही आनंदाने.

आणि मग पाट्या नाहीशा व्हायला लागल्या.

“यादी,” सुशांत म्हणाला. जेरीने वही काढली.

“पहिली गेली संमार्जनी. म्हणजे केरसुणी. मग अवकरिका, म्हणजे कचऱ्याचा डबा. मग द्रोणी म्हणजे बादली, पिञ्जः म्हणजे लाईटचं बटण, मार्जकः म्हणजे डस्टर. ग्रंथालयाच्या दारात चपलांची फळी आहे, तिच्यावरची उपानत्, म्हणजे चप्पल. सव्वीस गेल्यात आजपर्यंत.”

“आणि वस्तू?”

“वस्तू जागेवर आहेत. केरसुणी आहे, फक्त तिची पाटी नाही.”

सुशांतने डोळे मिटले. “जेरी, लिही. चोर श्रीमंत आहे. गरिबाने केरसुणी नेली असती.”

एवढ्यात दुकानात एक बाई आली, पदराखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. “ह्या जरा प्लास्टिकात घाल रे. पण उपडाच घाल. देवाचा आसा, वाचू नको.”

आता सुशांतचं एक तत्त्व होतं. गिऱ्हाइकाची गुप्तता. लॅमिनेशन तो जेरीलासुद्धा करू द्यायचा नाही, कारण लोक दहावीच्या मार्कशीटपासून काय काय घेऊन येतात. त्याने मान दुसरीकडे वळवली, पुडी उपडी सोडवली, उपडीच मशीनमध्ये घातली, दुसऱ्या बाजूने आली तशी परत गुंडाळून दिली. बाई आशीर्वाद देऊन गेली.

“हल्ली देवाचं फार येतंय,” जेरी म्हणाला. गेल्या आठवड्यात त्याची स्वतःची आई, मारियान, असंच काहीतरी घेऊन आली होती आणि ‘तू नको बघू, जेरी’ म्हणाली होती. त्याला वाटलं, संत अँथनीची प्रार्थना असेल.

“जत्रा जवळ आली असेल,” सुशांत म्हणाला. “तू मुद्द्यावर राहा.”

मंगळवारी सिद्धांत पहिला. सुशांतने शाळेचा नकाशा काढला, जिथून जिथून पाट्या गेल्या तिथे टिंबं दिली आणि टिंबं जोडली. बराच वेळ बघितलं. नकाशा फिरवला. परत बघितलं.

“मासा,” तो म्हणाला.

“कुठे?”

“हे बघ. शेपूट म्हणजे मुतारी. तोंड म्हणजे हेडमास्तरांची खोली. मासा, म्हणजे मासेमार. शाळेच्या सगळ्यात जवळ होडी कोणाची?”

जेरीने वही मिटली, कारण सगळ्यात जवळ होडी त्याच्या बापाची होती.

आता डॉमिंगोचं सांगतो. जानेवारीपासून त्याच्या जाळ्याला काही लागत नव्हतं. पहाटे जायचा, ऊन चढल्यावर रिकामा यायचा. घरात बोलायचा बंद झाला होता. एकदा जेरीने ऐकलं, तो मारियानला म्हणत होता, होडी इकून टाकूया, जेरी खंय मासेमारी करतलो आसा. म्हणून मंगळवारी किनाऱ्यावर पोचल्यावर जेरीला नवल वाटलं. वाळूत दोन टोपल्या भरून बांगडे, आणि बाप शीळ घालत जाळं सोडवतोय.

सुशांतने “तपास” एवढाच शब्द उच्चारला आणि होडीवर पाय ठेवला. बुटासकट.

डॉमिंगोने जाळं खाली ठेवलं. त्याने सुशांतला कमरेला धरून उचललं, वाळूत उभं केलं, खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या शांतपणे सोडल्या आणि दोन्ही बूट खाडीत टाकले.

“होडीर चपला नाय, बूट नाय,” तो म्हणाला. “होडी म्हणजे आवस. आवशीच्या अंगार कोण चपला घेवन चढता काय?” आईला आवस म्हणतो तो.

सुशांत भिंगातून लांब जाणाऱ्या बुटांकडे बघत राहिला. जेरीला होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, क्रुसाच्या खाली जरा बाजूला, काहीतरी उन्हात चकाकताना दिसलं. पण बूट वाचवायला पाण्यात त्यालाच उतरावं लागलं, त्यामुळे ते तिथेच राहिलं.

“निष्पाप माणूस बूट काढायला सांगतो. गुन्हेगार स्वतः काढतो,” परत येताना अनवाणी सुशांत म्हणाला. बूट वाहून गेले होते. पण तापलेल्या डांबरावर तीनशे पावलं चालल्यावर त्याने हा सिद्धांत मागे घेतला.

बुधवारी सापळा. समीक्षाने शाळेच्या व्हरांड्यातल्या मोठ्या कपाटावर नवी पाटी लावली, ‘कपाटिका’, आमिष म्हणून. सुशांत आत शिरून बसला, दाराच्या फटीला डोळा लावून. समोरच्या भिंतीवर आणखी चार पाट्या होत्या, त्यांच्यावर नजर. जेरी गेटवर, शेंगदाणे खात असल्याच्या वेषात. त्याच्याकडे शेंगदाणे होते, त्यामुळे वेष चांगला जमला.

त्या दिवशी शाळेत वाडीतल्या बऱ्याच बायका आल्या होत्या. सीता, म्हणजे शाळेत पोरांची खिचडी शिजवते ती, तिच्या मदतीला. कोणी तांदूळ निवडतंय, कोणी अंगण झाडतंय, कोणी उगीच वर्गातून फेरी मारतंय. जेरीने एवढी स्वच्छतेची आवड यापूर्वी वाडीत पाहिली नव्हती, आणि तसं त्याने वहीत कौतुकाने लिहिलंसुद्धा.

दुपारी शाळा सुटली तरी सुशांत बाहेर येईना. जेरीने जाऊन कपाट उघडलं. सुशांत आत घामाने निथळत, जुन्या उत्तरपत्रिकांवर डोकं ठेवून घोरत होता. समोरच्या भिंतीवरच्या चारही पाट्या गेल्या होत्या.

“मी झोपलो नव्हतो. गुंगीचं औषध,” सुशांत म्हणाला.

“उत्तरपत्रिकांत?”

“सहामाहीचा गणिताचा पेपर होता.” मग त्याने बाहेर येऊन कपाटाचं दार लावलं, आणि दोघेही दाराकडे बघत राहिले. कपाटिका नव्हती. ज्या कपाटात तो बसला होता, त्याच कपाटावरची.

गुरुवारी सिद्धांतांना नुसता ऊत आला. फोंडाघाट उतरून येणारी इंग्लिश मीडियमवाल्यांची टोळी. आंबोलीत लपलेला शब्दकोशाचा कोणी लेखक, ज्याला शब्द कमी पडले. आणि मग दुपारी सुशांत थेट समीक्षाच्या वर्गात जाऊन उभा राहिला. “दहापैकी आठ वेळा तक्रारदारच गुन्हेगार असतो. पाट्या लावल्या कोणी? तुम्ही. काढणं कोणाला सोपं? तुम्हालाच.”

समीक्षा खडू हातात घेऊन उभी होती. रागावली नाही. तिने शांतपणे विचारलं, “आणि मी त्या का काढीन?”

“ते अजून ठरवायचंय.”

“मग लवकर ठरवा,” ती म्हणाली. “शनिवारनंतर मी इथे नसेन.” आणि वळून फळ्यावर लिहायला लागली, पण काय लिहायचं होतं ते बहुतेक विसरली, कारण खडू फळ्याला टेकवून तशीच उभी राहिली. सुशांत बाहेर आला तो पहिल्यांदाच काही न बोलता. तिठ्यापर्यंत आला. मग म्हणाला, “जेरी, माका खराच काय समाजना नाय रे.” तो मालवणीत बोलला की समजायचं, बाब गंभीर आहे.

शुक्रवार. शाळेत उरल्या अकरा पाट्या. संध्याकाळी समीक्षा दुकानात आली, निदान साध्या कागदावर तरी नवी नावं छापून घ्यावीत म्हणून. हाताने परत लिहायला वेळही नव्हता आणि उमेदही नव्हती. जेरी टाईप करत होता, ती शब्द सांगत होती. तेवढ्यात सीता आली, पदराखाली पुडी.

“उपडाच घाल हां. देवाचा आसा.”

सुशांतने मान वळवली, पुडी सोडवली, मशीनमध्ये घातली. मशीनने कर्रर्र असा आवाज काढला आणि थांबलं. आठवडाभर एवढं काम त्याला कधी पडलंच नव्हतं. जळका वास आला.

“माझो देव भाजलो मरे,” सीता म्हणाली.

जेरीने स्विच बंद केला, स्क्रू काढले, रोलर वर उचलला आणि आत अडकलेलं ते चिमट्याने हळूच ओढलं. बाहेर येता येता ते उलटं झालं. पिवळं कार्ड. लाल अक्षर.

“चुल्लिः,” समीक्षाने वाचलं. “ही माझी आहे. शाळेच्या स्वयंपाकघरातली. चुल्लिः म्हणजे चूल.”

“तुमचीच तां,” सीता म्हणाली. “मगे काय माझी? माका असा अक्षर येता काय?”

तिच्या तोंडावर चोरी पकडली गेल्याचा काही भावच नव्हता. ती स्टुलावर बसली आणि तिने सगळं सांगितलं, कोणाला तरी सांगायचंच होतं असं.

पहिली पाटी आपणहून पडली होती. खाऱ्या वाऱ्याने चिकटपट्टी सुटली असेल. लिहिलेला कागद पायाखाली येऊ नये म्हणून सीताने उचलला. बघते तर कागद हळदीसारखा, अक्षर कुंकवासारखं, आणि संस्कृत. “संस्कृतात आणि काय लिवतत? देवाचाच ना?” तिने तो घरी नेऊन गोठ्याच्या खांबाला लावला. तिची गाय महिनाभर लाथा मारत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गाय दगडासारखी उभी. आदल्या दिवशी जनावरांचे डॉक्टर येऊन गायीला इंजेक्शन देऊन गेले होते, पण डॉक्टरांना कोण धरतंय.

“मी कोणाक सांगूक नाय. फक्त रुक्मिणीक सांगलंय.”

“कोण रुक्मिणी?” सुशांतने पेन उघडलं.

“तुझी आवस.”

सुशांतने पेन बंद केलं.

“तुझ्या आवशीन तीन नेल्यान. एक तुझ्या शर्टाच्या आतल्या खिशात शिवलेली आसा. तुका अक्कल येवंदे म्हणान.”

सुशांतने खिशात हात घातला. टाके उसवले. लॅमिनेट केलेलं, व्यवस्थित, त्याच्याच मशीनवर. मार्जकः.

“डस्टर,” समीक्षा म्हणाली.

“तरीच,” सुशांत म्हणाला. “सगळे पुरावे पुसले जात होते.”

मंत्र दुसऱ्याने वाचला की त्याचा जोर जातो, म्हणून उपडं. खाऱ्या हवेत कागद टिकत नाही, म्हणून प्लास्टिक. सगळं इतकं साधं होतं. त्रेपन्न पाट्या, वर ती कपाटिका, आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या सुशांतने आपल्या हातांनी, मान वळवून, गुप्ततेचं तत्त्व पाळून लॅमिनेट केल्या होत्या.

“म्हणजे पुरावा रोज माझ्या हातात होता,” तो म्हणाला.

“कसं ओळखलं तुम्ही?” जेरी सवयीने बोलून गेला.

मोठा प्रश्न पुढेच होता. आता करायचं काय? समीक्षा काय घरोघर जाऊन लोकांच्या गोठ्यातून, देव्हाऱ्यातून, तांदळाच्या पिंपावरून पाट्या ओढून आणणार? कुंकू लावलेल्या? “राहू देत,” ती म्हणाली. “उद्या दाजींना अकराच दाखवीन.” आणि छापायला दिलेले कागद तिथेच ठेवून गेली.

शनिवार. शाळेचं ऑफिस. दाजी खुर्चीत, समोर ठराव, बाजूला पेन. सुशांत आणि जेरी तपासाचा अहवाल घेऊन दाराशी. समीक्षा उभी.

“दाजी, पाट्या अकराच राहिल्यात. त्याचं कारण—”

“बाये, आधी माझा ऐक,” दाजींनी हात वर केला. आणि त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशातून, काळजाजवळून, एक लॅमिनेट केलेलं कार्ड काढलं. “माझ्या बायलेन दिल्यान. चार दिस खिशात आसा. माझो गुडघो बघ.” त्यांनी गुडघा वाकवून दाखवला. “मी काय म्हटलेलंय, संस्कृत कोणाच्या घरात लागता? चुकलंय मी. आणि दुसरा ऐक. माझ्या कौस्तुभाक चेडू झाला. उद्या बारसां. सूनबाय म्हयनोभर मोबायलात नाव शोधता, जां बघूचा तां कोणीतरी आधीच ठेवलेला. आणि काल मी ह्या वाचलंय.” त्यांनी कार्ड सगळ्यांकडे वळवलं. “अवकरिका. कानाक कसा गोड लागता बघ. अवकरिका कौस्तुभ राणे. अख्ख्या जिल्ह्यात दुसरी मिळाची नाय.”

जेरीच्या मनात आलं, प्रत्येक वर्गात एक आहे.

“सोनाराक पदक सांगून इलंय. फक्त बारशाक लोक अर्थ इचारतले. तेवढो अर्थ सांग, मगे ह्यो ठराव तुझ्यासमोर फाडतंय.”

बघ आता. एक शब्द चांगला सांगितला असता की झालं होतं. सुशांतने मागून हळूच पुटपुटलं, “तेजस्विनी म्हणा.” सीता चहा घेऊन आली होती, ती ट्रे धरून तशीच उभी. समीक्षाने कार्डाकडे बघितलं. तिचंच अक्षर. वेलांटी किती जपून काढली होती तिने.

“दाजी,” ती म्हणाली, “अवकरिका म्हणजे कचऱ्याचा डबा.”

दाजींनी कोपऱ्यात बघितलं. तिथे निळा प्लास्टिकचा डबा होता, आणि त्याच्यावर कार्डाएवढा चौकोन, चिकटपट्टी निघाल्याचा. दाजी कितीतरी वेळ त्या चौकोनाकडे बघत बसले. मग कार्डाकडे. मग हातातलं कार्ड जपून, दोन बोटांनी, टेबलावर ठेवलं.

“आणि संमार्जनी म्हणजे?”

“केरसुणी.”

“माझ्या भावजयन नव्या बंगल्याक तांच नाव दिल्यान,” दाजी सावकाश म्हणाले. “संगमरवरात.”

सुशांत हळूहळू दाराबाहेर सरकत होता, पण जेरीने त्याचा शर्ट धरून ठेवला. आणि मग दाजींचं पोट हलायला लागलं. आधी वाटलं ते चिडलेत. हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्यांनी चष्मा पुसला, ठरावाचा कागद ओढला, ‘बंद करण्यात यावे’ यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘चालू ठेवण्यात यावे.’ जरा थांबून पुढे दोन शब्द वाढवले, ‘अर्थासकट.’ आणि सही केली.

“ही बाई नसती तर माझ्या नातीक लोकांनी जल्मभर काय म्हणान हाक मारली असती?” ते सुशांतला म्हणाले, जणू त्यानेच विरोध केला होता. मग समीक्षाला, “सांजेपर्यंत दुसरा नाव शोध. आणि आधी अर्थ सांग, मगे नाव.”

निघताना दारात थांबले. “बाकीच्यांका सांगतलंस काय?”

“विचारलं तर खोटं नाही सांगणार,” समीक्षा म्हणाली.

“इचारता कोण हय,” दाजी म्हणाले आणि गेले. गुडघा, तू विश्वास ठेव किंवा ठेवू नको, खरंच दुखत नव्हता.

सुशांतने फाईल बंद केली. त्यावर लिहिलं, ‘गुन्हेगार: गाव. संशयाचा फायदा देऊन मुक्त. तपास: यशस्वी.’ आणि डस्टरचं कार्ड परत खिशात ठेवलं. “आवशीक वाईट वाटात,” म्हणाला.

इथे संपलं असतं तर मी तुला एवढा वेळ बसवून ठेवलं नसतं.

त्याच संध्याकाळी जेरी किनाऱ्यावर गेला. बाप होडीवर बसून जाळं शिवत होता. सलग पाच दिवस टोपल्या भरून मासळी आली होती. होडी विकायची गोष्ट परत घरात निघाली नव्हती. आदल्या रात्री जेवताना तो मारियानला कसलातरी विनोद सांगून स्वतःच हसला होता, आणि ती त्याच्याकडे बघतच राहिली होती. जेरीने चपला वाळूत काढल्या आणि होडीच्या काठाला हात ठेवला.

“ये, बस,” डॉमिंगो म्हणाला. मग नाळेकडे बोट दाखवलं. क्रुसाखाली, जरा बाजूला, खिळे ठोकून बसवलेलं पिवळं कार्ड. जेरीने पहिल्यांदाच ते जवळून बघितलं. लाल, सुंदर, टपोरं अक्षर. उपानत्. ग्रंथालयाच्या दारातल्या फळीवरची.

“तुझ्या आवशीन सीतेकडसून आणल्यान,” डॉमिंगो म्हणाला. “मी म्हटलंय, देव खंयचोय असांदे, माझ्या होडीर बसलो म्हणजे माझोच. पण झिला, माका एक सांग. तू त्या डिटेक्टिवाकडे कामाक आसस, त्या टीचरबायक वळाखतस. रोज सकाळी मी हेच्या पाया पडतंय, पण हां म्हणजे नेमको कोण, ठावक नाय. हेचो अर्थ काय रे?”

जेरीचा एक अनवाणी पाय वाळूत होता आणि एक होडीत. समोर बाप, दाभण हातात धरून, लहान मुलासारखा वर बघत होता. मागे वाळूत जेरीच्या चपला.

आता बोल. जेरीच्या जागी तू असतास, तर तू काय केलं असतंस?